पायाचं माप

मी पाय कागदावर उभा करतो.
जुन्या कॅलेंडरची पाठ, पेन्सिल सरळ धरायची,
टाचेवरून निघायचं, करंगळीला वळसा घालून
अंगठ्याकडून पुन्हा टाचेवर.
वर नाव, तारीख, डावा की उजवा.
अंबाजोगाईच्या स्टँडसमोर एकतीस वर्षं
एवढंच माझं लिहिणं.

लोमटेबाई कंडक्टर, परळी–लातूर फेरी.
म्हणाल्या, सँडल चावतेय, डावा पट्टा ढिला करा.
पट्ट्याचा दोष नव्हता.
पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागे
बोराएवढं काहीतरी.
"दुखतं का?"
"दुखलं असतं तर दवाखान्यात नसते का गेले?"

हा हिशोब मलाही पटला.
माझ्या तळव्याच्या कमानीत चिंचोक्याएवढी गाठ,
दहा वर्षं झाली, उभं राहिलं की बोंबलते.
मी तिला भीत होतो.
बाईंना म्हटलं, चला, दोघांचंही दाखवून येऊ.

मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत डॉक्टर फरहत काझी.
आधी माझा पाय. बोटं मागे ओढली,
तळव्याची दोरी ताणली, गाठ त्या दोरीतच बसलेली.
"असू दे. कापली तर रागानं परत येईल.
मऊ गादी घाला. चपला तुम्हीच करता ना?"
मग एक शाळकरी पोरगं, पावलाच्या पाठीवर फुगा.
दिवा बंद, खालून टॉर्च,
गाठ आतून पेटली, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल.
"पाणी आहे," डॉक्टर म्हणाल्या. पोरगं हसलं.

लोमटेबाईंच्या गाठीला टॉर्च लावला.
उजेड आत शिरला नाही.
बोटांनी हलवली. कातडी सरकली, गाठ नाही.
"कधीपासून?"
"कुणाला आठवतंय! आत्ताच कापून टाका,
दुपारची ड्यूटी आहे."
"ओळख पटल्याशिवाय मी चाकू लावत नाही."

मी पिशवीतून कागद काढले.
गेल्या मार्चचा. पोळ्याच्या आधीचा. कालचा.
एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले.
तिन्ही टाचा जुळल्या, तिन्ही अंगठे जुळले,
बाहेरच्या कडेला तेवढी
रेघ रेघेपासून लांब गेली होती.
पोळ्याच्या कागदावर तिथं खोडलेलं होतं.
हात हलला असेल म्हणून मीच तेव्हा
रबरानं तो फुगवटा नीट केला होता.
काचेवर धरल्यावर खोडलेली रेघ दिसली.
डॉक्टरांनाही दिसली.
त्या काही बोलल्या नाहीत. पट्टी ठेवली,
मिलिमीटर लिहिले, तिन्ही कागद फाईलला टाचले.

एमआरआय लातूरला. मग जाड सुईनं तुकडा.
तेरा दिवस बाई तिकिटाचं मशीन दाबत राहिल्या.
रिपोर्टातला शब्द मला अजून म्हणता येत नाही.
डॉक्टरांनी तो एकदाच म्हटला
आणि लगेच दुसरं वाक्य:
"छातीचा फोटो स्वच्छ आहे. वेळेत आलात."
वेळेत, म्हणजे पोळ्यानंतर सात महिन्यांनी.

परवा त्या दुकानात आल्या, कुबडी दाराला टेकवली.
मी नवा कागद अंथरला.
पेन्सिल टाचेवरून निघाली, कडेनं वर गेली,
करंगळीचा वळसा आलाच नाही.
त्याच्या शेजारच्या बोटाचाही नाही.
हात सवयीनं बाहेर गेला, कोऱ्या कागदावर.
मी रबराकडे पाहिलं.
"राहू द्या," बाई म्हणाल्या. "खोडू नका आता काही."
मग म्हणाल्या, "पाय कमी झालाय. पैसे कमी घ्याल ना?"
"तुम्ही कधी कुणाला तिकीट सोडलंय?"
त्या हसल्या, जरा उशिरा.

उठताना माझी गाठ कचकन दुखली.
दुखू दे, म्हटलं.